बांगडी चढेना, चप्पल बसेना

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. तालुक्याचं गाव, वय चाळिशीच्या जवळ, पदरात दोन मुलं. बाई लिहितात की गेली चार-पाच वर्षं त्यांचे हात-पाय जड वाटतात. लग्नातली अंगठी साबण लावूनही निघेना, म्हणून सोनाराकडून कापून घ्यावी लागली. पूर्वी दोन-चारच्या बांगड्या सहज चढायच्या, आता दोन-आठच्या लागतात. चप्पल दोन नंबरांनी वाढली. सासूबाई म्हणतात, सुनेचं अंग सुटलं. पण वजनाचा काटा काही तेवढा सरकलेला नाही. अलीकडे रात्री छातीत धडधडतं, मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. शेवटी त्यांनी विचारलं आहे की अंगठी घट्ट झाली म्हणून का कुणी डॉक्टरकडे जातं? तिथं जाऊन सांगायचं तरी काय?

बाई, जावं. अगदी जावं. आणि काय सांगायचं तेच आज आपण बघू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अंगठी घट्ट होणाऱ्या शंभर बायकांपैकी बहुतेक जणींना काही मोठा आजार नसतो. वजन वाढतं, बाळंतपणानंतर अंगावर सूज राहते, थायरॉइड मंदावतं, उन्हाळ्यात बोटं फुगतात. तेव्हा हा लेख वाचून लगेच घाबरून जायचं नाही, आणि घरच्या घरी रोगाचं नाव ठरवून मोकळंही व्हायचं नाही. पण या पत्रातल्या दोन खुणा मला वेगळ्या वाटल्या. एक म्हणजे बांगडी. बांगडी फिरते मनगटावर, पण तिचं माप ठरतं ते पंजावरून. चरबी वाढली तर दंडाला ब्लाउज घट्ट होतो. पंजाच्या हाडांवरून बांगडी जाईनाशी व्हायला सहसा दुसरं काही कारण असतं. दुसरी खूण म्हणजे चप्पल. पूर्ण वाढ झालेल्या बाईचं पाऊल एकदम दोन नंबरांनी वाढत नाही.

वाटाण्याएवढी कारभारीण

आपल्या मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका छोट्या खोबणीत वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका किंवा पिट्युइटरी म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण एकत्र कुटुंबातल्या जुन्या कारभारणीसारखा तिचा हुकूम सगळीकडे चालतो. पाळी, दूध, वाढ, थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी, या सगळ्यांना तिच्याकडून हार्मोनच्या रूपानं निरोप जातात.

या ग्रंथीत कधी कधी गाठ होते. गाठ हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो. पण या गाठी जवळजवळ कधीच कर्करोगाच्या नसतात. त्रास होतो तो दोन कारणांनी. गाठ मोठी झाली तर ती डोळ्यांच्या नसांवर दाबते. आणि लहान असली तरी कधी कधी एकाच हार्मोनचा निरोप रात्रंदिवस पाठवत सुटते.

वाढीच्या हार्मोनचा निरोप असा अखंड जात राहिला तर त्या आजाराला अॅक्रोमेगॅली म्हणतात. 1886 मध्ये पॅरिसच्या पिएर मारी या डॉक्टरांनी हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ, टोकाच्या अवयवांचं मोठं होणं. मोठेपणी उंची वाढू शकत नाही, म्हणून हात, पाय, जबडा, नाक, कपाळ आणि जीभ वाढत जातात. आजार दुर्मिळ आहे, दहा लाख माणसांत काही डझन. पण तो ओळखायला पाच-पाच, दहा-दहा वर्षं लागतात, कारण बदल इतका सावकाश होतो की रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसालाही दिसत नाही.

एका बाईची हकिगत

इंग्लंडमध्ये मेरी अॅन बेव्हन नावाच्या एक बाई होऊन गेल्या. 1874 मध्ये लंडनमध्ये जन्म, शिक्षण परिचारिकेचं. लग्न झालं, चार मुलं झाली. लग्नानंतर काही वर्षांत त्यांचा चेहरा आणि हातपाय वाढू लागले, डोकं दुखू लागलं, नजर मंदावली. 1914 मध्ये पती वारले आणि चार लेकरांचा भार एकटीवर पडला. अशा चेहऱ्याच्या बाईला काम कोण देणार? शेवटी 1920 मध्ये त्या अमेरिकेत कोनी आयलंडच्या जत्रेत गेल्या. तिथं जगातली सर्वांत कुरूप स्त्री म्हणून लोक तिकीट काढून त्यांना बघत. त्या पैशावर त्यांनी मुलं वाढवली. 1933 मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, त्या गेल्या.

1927 मध्ये अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकानं त्यांचा फोटो छापून थट्टा केली, तेव्हा पीयूषिका ग्रंथीवरचे मोठे जाणकार सर्जन हार्वी कुशिंग यांनी संपादकांना पत्र लिहून सुनावलं की ही बाई हसण्याचा विषय नाही, ती एका आजाराची रुग्ण आहे. स्वतः कुशिंग यांनी 1909 मध्ये अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या अशाच गाठीवर शस्त्रक्रिया केली होती. पण मेरीबाईंच्या काळात रक्तात हार्मोन मोजायची सोय नव्हती. आज ती आहे. म्हणूनच आज कुणी बाई फक्त ‘बेढब झाली’ एवढ्या शेऱ्यावर निकालात निघू नये.

सगळ्या तक्रारी एका कागदावर

आपली रीत कशी असते बघा. दातांत फट पडली की दातांच्या डॉक्टरकडे. गुडघे दुखले की हाडांच्या. रक्तदाब वाढला की कोपऱ्यावरच्या नेहमीच्या डॉक्टरांची गोळी. साखर निघाली की गोडधोड बंद. घोरण्याला तर औषधच नसतं, नुसती चेष्टा असते. प्रत्येक जण आपापला तुकडा बरोबर तपासतो, पण सगळे तुकडे जोडून कुणी बघत नाही. ते काम आपणच करायचं.

एका वहीच्या पानावर पुढच्यापैकी जे जे असेल ते लिहा, आणि अंदाजानं कोणत्या वर्षापासून तेही लिहा:

अंगठी, जोडवी, बांगड्या, चप्पल यांचं माप वाढलं का? खालचा जबडा पुढं आला का, दातांत फटी पडल्या का? आवाज घोगरा झाला का? थंडीतसुद्धा घाम येतो का? रात्री किंवा कणीक मळताना हाताला मुंग्या येतात का? डोकं वरचेवर दुखतं का? पाळी अनियमित झाली किंवा थांबली का? रक्तदाब किंवा मधुमेह नव्यानं निघाला का? चालताना दाराची चौकट खांद्याला लागते, रस्ता ओलांडताना बाजूची गाडी उशिरा दिसते, असं होतं का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबू लागली की आधी दोन्ही बाजूंची नजर जाते. समोरचं पेपरातलं अक्षर नीट दिसत असतं, म्हणून आपल्याला कळत नाही.

घोरण्याबद्दल मात्र यजमानांना विचारा. घोरणारीला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. रात्री श्वास मधेच थांबतो आणि मग दचकून सुरू होतो असं ते म्हणाले, तर तेही लिहा.

आणि जुने फोटो काढा. लग्नाचा अल्बम, मुलाच्या बारशाचा फोटो, भाच्याच्या मुंजीतला फोटो आणि आत्ताचा एक. चार फोटो वर्षांच्या क्रमानं टेबलावर मांडले की जे आरशात दिसत नाही ते दिसतं. हे फोटो डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका. या आजारात जुने फोटो बघायला डॉक्टर स्वतःच मागतात.

तपासणी कशी होते

पहिली तपासणी रक्ताची. वाढीचं हार्मोन दिवसभर वरखाली होत असतं, म्हणून ते एकदाच मोजून उपयोग नाही. त्याच्यामुळं यकृतात तयार होणारा आय.जी.एफ.-वन नावाचा पदार्थ मात्र बराच स्थिर असतो. तो वयाच्या मानानं जास्त आहे का ते बघतात. गरोदर असाल, पाळीच्या किंवा संततिनियमनाच्या गोळ्या घेत असाल, यकृताचा आजार असेल किंवा साखर फार वाढलेली असेल, तर आधी सांगा. त्यानं आकडा बदलतो.

तो जास्त निघाला तर दुसरी पायरी म्हणजे उपाशीपोटी 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तास थोड्या थोड्या वेळानं रक्त देणं. निरोगी माणसात साखरेनं वाढीचं हार्मोन खाली येतं. गाठीतून येणारं हार्मोन मात्र तसं दबत नाही. त्यानंतर मग पीयूषिका ग्रंथीचा एम.आर.आय. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजरेच्या कडांची तपासणी.

हा क्रम लक्षात ठेवा. घाबरून आधीच एम.आर.आय. काढून घेऊ नये. धडधाकट माणसांतही दहातल्या एकाच्या पीयूषिकेत एखादा बारीक ठिपका दिसू शकतो, त्याचा काही त्रास नसतो. रक्ताच्या साक्षीशिवाय त्या ठिपक्याला दोषी धरता येत नाही.

तिच्याच दोन बहिणी

याच ग्रंथीतल्या आणखी दोन गाठी आपल्या बायकांना माहीत असायला हव्यात.

एक प्रोलॅक्टिनची. हे दुधाचं हार्मोन. बाळ नसताना छातीतून दूध येणं, पाळी लांबणं, दिवस न राहणं ही तिची लक्षणं. मुली लाजेनं आईलाही सांगत नाहीत, आणि सुनेला मूल होत नाही म्हणून घरात भलतेच नवस सुरू होतात. खरं तर साध्या रक्ततपासणीनं हे कळतं, आणि बहुतेकींना शस्त्रक्रियाच लागत नाही. कॅबरगोलिनसारख्या गोळ्यांनी गाठ आकसते, पाळी येते, दिवसही राहतात. मात्र प्रोलॅक्टिन वाढलं म्हणजे गाठच, असं नाही. गरोदरपण, मंदावलेलं थायरॉइड आणि काही औषधं यांनीही ते वाढतं.

दुसरी कॉर्टिसॉल वाढवणारी. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट आणि मान भरलेली पण हातपाय बारीक, पोटावर रुंद जांभळे चट्टे, जराशा धक्क्यानं काळेनिळे डाग. हिच्या आजाराला त्याच कुशिंग यांचं नाव आहे. तपासण्या सोप्या: रात्री उशिरा लाळेतलं कॉर्टिसॉल, चोवीस तासांची लघवी, किंवा रात्री डेक्सामेथासोनची एक गोळी घेऊन सकाळी आठला रक्त. पण त्याआधी डॉक्टर विचारतील की स्टेरॉइड घेता का? सांधेदुखीच्या नाव नसलेल्या पुड्या, गोरं होण्याची मलमं, दम्याची औषधं सगळं दाखवा. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं असेल तर घाबरून एका दिवसात बंद मात्र करू नका. त्यात जिवाला धोका असतो. डॉक्टर ते हळूहळू उतरवतात.

हृदयाचा ठेका

आता पत्रातल्या धडधडीकडे वळू. वाढीचं हार्मोन हातापायांवर थांबत नाही. हृदयाचे स्नायूही जाड होतात. जोडीला रक्तदाब, साखर आणि झोपेत अडकणारा श्वास असला की हृदयाचा ठेका चुकायला कारणं जमतात. कॉर्टिसॉलच्या आजारात रक्तातलं पोटॅशियम घसरतं, आणि ते घसरलं की ठोके बिघडतात. म्हणून या आजारांत नुसती गाठ बघून भागत नाही. निदान झालं त्याच वेळी ई.सी.जी. आणि हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको करून घ्यावी. धडधड रात्रीच होत असेल तर दवाखान्यातल्या दोन मिनिटांच्या ई.सी.जी.त ती सापडत नाही. त्यासाठी हॉल्टर नावाचं छोटं यंत्र चोवीस तास अंगावर लावून घरी पाठवतात. घोरणं जास्त असेल तर झोपेची तपासणीही करतात.

ठेका सांभाळण्यासाठी घरी करायच्या गोष्टी या:

रक्तदाबाची आणि साखरेची गोळी चुकवू नका. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल किंवा जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर पोटॅशियम तपासायचं का ते विचारा. पीयूषिकेच्या आजारात थायरॉइडची गोळी लागली तर तिचा डोस मनानं वाढवू नका. जास्त झालेली थायरॉइडची गोळी हृदयाला पळवते. या आजारात डोस ठरवताना नुसत्या टी.एस.एच.वर विसंबता येत नाही, फ्री टी-फोर बघावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

आणि एक गोळी, जी आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात असते. पित्ताची. पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या जोडीला डॉम्पेरिडोन असलेली कॅप्सूल आपण सकाळी चहाआधी गिळतो, वर्षानुवर्षं, कुणाला न विचारता. यातलं डॉम्पेरिडोन दोन कामं करतं. प्रोलॅक्टिन वाढवतं, म्हणजे गाठ नसतानाही दूध येऊ शकतं आणि पाळी बिघडू शकते. आणि काही माणसांत हृदयाचा विजेचा ठेका लांबवून तो बिघडवू शकतं, विशेषतः हृदय आधीच आजारी असेल, पोटॅशियम कमी असेल किंवा काही अँटिबायोटिक आणि बुरशीची औषधं बरोबर चालू असतील तर. 2014 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेनं म्हणूनच ते फक्त मळमळ-उलटीसाठी, शक्य तितक्या लहान डोसात आणि साधारण आठवडाभरच वापरायला सांगितलं. तेव्हा आजच डब्यातली पट्टी उलटून नाव वाचा. ती रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. प्रोलॅक्टिन तपासण्याआधी तर नक्कीच सांगा. या एका वाक्यानं एखादीचा एम.आर.आय.चा खर्च वाचेल.

उपचार आणि खर्च

अॅक्रोमेगॅलीत बहुधा आधी शस्त्रक्रिया करतात, तीही नाकाच्या वाटेनं. कवटी उघडावी लागत नाही, चेहऱ्यावर वण राहत नाही. हा मार्ग नवा नाही; ऑस्ट्रियाच्या हर्मान श्लोफर यांनी 1907 मध्ये प्रथम वापरला, आता दुर्बिणीनं तो पुष्कळ सोपा झाला आहे. गाठ पूर्ण निघाली नाही तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, गोळ्या किंवा किरणोपचार असतात. वाढलेलं हाड परत लहान होत नाही, हे खरं. पण सूज उतरते, घाम आणि मुंग्या कमी होतात, रक्तदाब आणि साखर आवाक्यात येतात, आणि हृदयावरचा ताण हलका होतो. म्हणून लवकर ओळखण्याला किंमत आहे.

अशी शस्त्रक्रिया नेहमी करणारा सर्जन शोधावा. या कामात हात बसलेला असणं फार महत्त्वाचं. आधी हार्मोनच्या डॉक्टरांना, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टना भेटावं. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत हा स्वतंत्र विभाग असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर काही जणींना हायड्रोकॉर्टिसोनची गोळी लागते. ती चुकवायची नाही, आणि ताप, उलट्या किंवा दुसरं ऑपरेशन असताना डोस वाढवावा लागतो. तशी चिठ्ठी पर्समध्ये असावी.

वाट बघायची नाही अशा वेळा

अचानक, आजवर कधी झालं नाही असं डोकं दुखणं, सोबत उलट्या आणि नजर कमी होणं. धडधड होऊन चक्कर येणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नका, कोकम सरबत नि गार पाण्यानं बघू म्हणू नका. 108 ला फोन करून रुग्णालय गाठा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आणखी एक सांगते. तुम्ही विचारलंत, डॉक्टरकडे जाऊन काय सांगू. एवढंच सांगा: ‘डॉक्टर, पाच वर्षांत माझ्या बांगडीचं आणि चप्पलचं माप वाढलं, वजन मात्र तेवढं वाढलं नाही, आणि आता धडधड होते. हे माझे जुने फोटो. आय.जी.एफ.-वन आणि ई.सी.जी. करायला हवा का?’ डॉक्टर तपासून नाही म्हणाले तर निश्चिंत मनानं घरी या. आणि हो म्हणाले, तर आणखी पाच वर्षं वाया जायची वाचली. सासूबाईंनाही बरोबर न्या. सून कशी दिसत होती, हे त्यांच्याइतकं कुणाला आठवणार?